ढोलकी तीच, पण वाजते कुठे यावर तिची किंमत ठरते

बाजारात गेलात की बघा, गावठी कोंबडी ब्रॉयलरपेक्षा महाग, गावठी अंडी महाग, गावठी तूप तर विचारायलाच नको, आणि विकणारा "गावठी आहे ताई" हे अगदी अभिमानाने सांगतो. आता हाच शब्द माणसाला लावून बघा. "किती गावठी आहेस रे", "काय गावठी गाणी लावलीयेत", "लग्न चांगलं झालं पण डेकोरेशन जरा गावठी वाटलं". शब्द एकच, पण कोंबडीची किंमत वाढवतो आणि माणसाची कमी करतो. हे असं का होतं, कोणती आवड "चांगली" आणि कोणती "चीप" हे कोण ठरवतं, आणि त्याचा आपण कुठल्या घरात जन्मलो याच्याशी काय संबंध आहे, हा विषय मला बरीच वर्षं छळतोय, म्हणून जमेल तेवढं सोपं करून लिहितोय.

आधी मला हे का छळतं ते सांगतो. माझे आजोबा परळला गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार होते. घरात एक रेडिओ आणि पुढे एक टेपरेकॉर्डर, आणि त्यावर प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, सुलोचना चव्हाण, कधी पोवाडे, कधी भजनं. त्या गाण्यांवर मी मोठा झालो. कॉलेजला गेलो, नवीन मित्रमैत्रिणी झाल्या, गप्पांमध्ये एकीने विचारलं की तुला कोण आवडतं, आणि माझ्या तोंडून एका गझल गायकाचं नाव बाहेर पडलं ज्याची मी तोपर्यंत मोजून दोन गाणी ऐकली होती. कोणी मला धमकावलं नव्हतं, कोणी हसलंही नव्हतं. तरी मला आतून कळलं होतं की इथे प्रल्हाद शिंदे हे नाव घ्यायचं नाही. हे मला कोणी शिकवलं? सगळ्या विषयाचं मूळ त्या प्रश्नात आहे.

फ्रान्समध्ये पिएर बोर्द्यू नावाचा एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेला, १९३० साली एका खेड्यात जन्मलेला. वडील पोस्टात, घरची बोली पॅरिसच्या फ्रेंचपेक्षा वेगळी. हुशार म्हणून शिकत शिकत पॅरिसच्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजात पोचला, आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की इथल्या मुलांना जे सहज येतं ते आपल्याला परक्या गावात रस्ता शोधावा तसं शोधावं लागतं. त्याने पुढे साठच्या दशकात बाराशेहून जास्त लोकांना प्रश्न विचारले. तुम्हाला कुठलं संगीत आवडतं, घरात फर्निचर कसलं, पाहुणे आले की जेवायला काय करता, कशाचा फोटो सुंदर येईल असं वाटतं. १९७९ साली यावरचं त्याचं जाडजूड पुस्तक आलं, आणि आवडीनिवडीचा अभ्यास करणारा माणूस आजही तिथूनच सुरुवात करतो.

त्यातलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जातच नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या हातांचा फोटो लोकांना दाखवला. वाकडी झालेली बोटं, सुरकुत्या. कामगार म्हणाले, अरेरे, बिचारीने किती काम केलं असेल, संधिवात झालेला दिसतोय. जसजसं शिक्षण आणि पद वाढत गेलं तसतशी उत्तरं बदलत गेली, वरच्या थरातल्या लोकांना तो फोटो बघून चित्रकार आठवले, कादंबरीतली पात्रं आठवली, "कष्टाचं प्रतीक" वगैरे. म्हणजे एकाला हात दिसले आणि दुसऱ्याला फोटो दिसला. माझ्या आजीला दाखवला असता तर तिनेही हातच बघितले असते, कारण तिचे स्वतःचे तसेच होते. बोर्द्यूचं म्हणणं हे की ज्याच्या पोटाची, भाड्याची, उद्याची काळजी मिटलेली असते त्याला गोष्टीपासून जरा लांब उभं राहून तिच्याकडे "कला" म्हणून बघायची सवय लागते, आणि ती सवय म्हणजे काही जास्तीची अक्कल नव्हे, ती फुरसतीतून आलेली असते. आणि मग तीच सवय "उत्तम अभिरुची" या नावाने मिरवली जाते.

त्याने यासाठी जो शब्द वापरला तो हॅबिटस. लोक त्याचं भाषांतर करताना फार अवघड शब्द शोधतात, पण मला वाटतं मराठीत त्याला आधीपासून शब्द आहे, वळण. "घरचं वळण चांगलंय" असं आपण म्हणतोच ना. अक्षराला जसं वळण लागतं तसं चालण्याबोलण्याला, खाण्याला, हसण्याला, कुठल्या गाण्यावर मान हलवायची आणि कुठल्या गाण्यावर अंग, यालाही वळण लागतं, आणि ते इतक्या लहानपणी लागतं की मोठेपणी वाटतं हा आपला स्वभावच आहे. म्हणून "मला ते आवडतच नाही बाबा, त्यात काय एवढं" असं माणूस अगदी मनापासून म्हणतो, खोटं नसतो बोलत, पण त्या "आवडत नाही" च्या मागे त्याची आई, त्याची चाळ किंवा सोसायटी, त्याची शाळा, सगळे उभे असतात.

दुसरी कल्पना म्हणजे सांस्कृतिक भांडवल. पैसा हे एक भांडवल झालं, पण कुठे काय बोलावं, कुठल्या रागाचं नाव माहीत असावं, कुठल्या लेखकाचं नाव घेतलं की समोरचा आदराने बघतो, हेही भांडवलच आहे, त्याच्यावर नोकऱ्या मिळतात, लग्नं जुळतात, ओळखी होतात. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव घ्या, १९५३ पासून चालू आहे. तिथे भारतीय बैठकीचं तिकीट अगदी आवाक्याबाहेरचं नसतं, एखादा रिक्षावाला ठरवलं तर जाऊ शकतो. पण बहुतेक जण जात नाहीत, कारण दारात पैसे कमी पडत नाहीत, आत गेल्यावर काय करायचं हे माहीत नसतं. दाद कधी द्यायची, "क्या बात है" कुठल्या जागेवर म्हणायचं, शेजारचा हातावर ताल मोजतोय तो नेमकं काय मोजतोय. ज्याच्या घरी लहानपणापासून कानावर पडलंय त्याला हे शिकावं लागत नाही, आणि ज्याला शिकावं लागतं त्याचं शिकणं बाकीच्यांना दिसतं. नवीन पैसा आलेल्या माणसाला आपल्याकडे नावं ठेवतात ती याच कारणाने, बंगला घेतला पण "क्लास" नाही म्हणतात.

इथपर्यंत फ्रान्सचं आपल्याला बरंच लागू पडतं. पण महाराष्ट्रात एक गोष्ट अशी आहे की ती सोडून या विषयावर बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं, ती म्हणजे जात. आपल्याकडे वर्ग आणि जात एकमेकांत इतके विणलेत की एक धागा ओढला तर दुसरा येतोच. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे तमाशा आणि लावणी.

पेशवाईच्या शेवटच्या काळात राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ, होनाजी बाळा अशी एकेक शाहीर मंडळी होऊन गेली. यात ब्राह्मण होता, शिंपी होता, मुसलमान होता, गवळी होता. होनाजी हा गवळी, आणि बाळा त्याचा साथीदार. आता गंमत अशी की "घनश्याम सुंदरा" ही भूपाळी, जी कित्येक सोवळ्या घरांत सकाळी सकाळी लागायची, ती या होनाजीची. लावण्या रचणारा, फडावर उभा राहणारा माणूस. पण भूपाळी देवघरात गेली आणि लावणी दाराबाहेर राहिली, एकाच माणसाची दोन गाणी दोन वेगळ्या वर्गांत विभागली गेली.

पेशवाई गेली, इंग्रज आले, शाळा-कॉलेजं निघाली आणि शिकलेला एक नवीन मध्यमवर्ग तयार झाला. या वर्गाला स्वतःचं मनोरंजन हवं होतं पण ते "आपल्याला शोभेल" असं हवं होतं. १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं, १८८० ला किर्लोस्करांचं शाकुंतल आलं आणि संगीत नाटकाची लाट सुरू झाली. संगीत नाटक ही मोठी गोष्ट आहे, त्यातली पदं ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो, त्याबद्दल वाद नाही. पण ते उभं राहताना तमाशाकडे बोट दाखवून "आम्ही तसले नाही" हेही सांगत होतं. बोर्द्यूचा मुद्दा हाच आहे, आवड ही फक्त कशावर प्रेम आहे ते सांगत नाही, कोणापासून लांब राहायचंय तेही सांगते, आणि बऱ्याचदा दुसरंच जास्त जोरात सांगते.

याच काळात पठ्ठे बापूराव होऊन गेले, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ चा जन्म. ब्राह्मण घर सोडून तमाशात आले आणि पवळाबाईंबरोबर त्यांचा फड गाजला. पवळाबाई महार समाजातल्या. आज पठ्ठे बापूरावांचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं, पवळाबाईंचं फार कमी जणांना. शर्मिला रेगे या पुणे विद्यापीठातल्या अभ्यासक बाईंनी लावणीवर फार महत्त्वाचं काम केलंय, आणि त्यांचं लिखाण वाचून मला पहिल्यांदा कळलं की लावणीकडे फक्त "कला" म्हणून बघून चालत नाही, ती सादर करणाऱ्या बायका कोणत्या जातीच्या होत्या, त्यांना तिथे कोणी आणि का आणलं, बघणारे कोण होते आणि पैसा कोणाच्या हातात राहिला हे विचारावं लागतं. कोल्हाटी, महार, मांग या समाजांतल्या बायका नाचणार, गावातले वजनदार पुरुष फेटे उडवणार आणि सकाळी तेच पुरुष म्हणणार की ह्या बायका चांगल्या नाहीत.

स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी आणली. हजारो लोकांची पोटं त्यावर होती, कलावंतांनी गाऱ्हाणं मांडलं, मग अटी घालून परवानगी मिळाली, वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, आधी लिहून तपासून घ्यायचा वगैरे. आता तमाशातली बतावणी ही जागच्या जागी सुचलेल्या बोलण्यावर चालते, सोंगाड्या समोरच्या पाटलाकडे बघून टोमणा मारतो, तो आदल्या महिन्यात कागदावर कसा लिहिणार? म्हणजे शुद्धीकरण करताना नेमका जो भाग सत्तेला चिमटा काढायचा तोच कापला गेला.

दुसरीकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर या मंडळींनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं आणि तमाशाचाच साचा घेऊन गिरणी कामगारांचे, शेतकऱ्यांचे प्रश्न मांडले. गणातला, म्हणजे सुरुवातीच्या वंदनातला गणपती गेला, कामगाराला वंदन आलं. याच वळणावर "लोकनाट्य" हा शब्द रुळला, आणि पुढे मध्यमवर्गालाही तो सोयीचा झाला, कारण तमाशाला जातो म्हणायची लाज वाटायची पण लोकनाट्य बघायला जातो म्हणायला काही वाटायचं नाही. १९६५ ला वसंत सबनीसांचं "विच्छा माझी पुरी करा" आलं, दादा कोंडके त्यात, आणि पांढरपेशी कुटुंबं तिकीट काढून बायकामुलांसकट तमाशाच्या बाजाचं नाटक बघायला लागली. तीच ढोलकी, तीच गवळण, तीच मावशी. बदललं काय, तर कनातीच्या जागी नाट्यगृह आलं, खाली बसायच्या जागी खुर्ची आली, आणि स्टेजवर बहुतेक माणसं दुसऱ्या थरातली आली.

आणि जे मूळचे होते त्यांचं काय? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव ऐकलंच असेल. राष्ट्रपती पदक मिळालेली बाई. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत नाचायला उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते, कौतुकाने सांगितली जाते. मला ती ऐकताना कौतुक कमी आणि राग जास्त येतो, कारण त्या बाईला त्या अवस्थेत बोर्डावर जावं लागलं हे आधी दिसायला हवं. (परत तेच, हात बघायचे की फोटो बघायचा.) २००२ साली त्या गेल्या तेव्हा शेवटच्या आजारात दवाखान्याचं बिल भरायला लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं होतं. आज त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देतं. कलेला मान मिळाला, कलावंताला मिळेपर्यंत ती राहिली नाही.

आता जरा वेगळीकडे जातो, कारण हे फक्त तमाशापुरतं नाही. "चांगली आवड" कधीकधी सरकारी हुकमानेही ठरते. १९५२ ते १९६२ बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री होते, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांना वाटायचं सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, म्हणून आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास बंदच झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावलं. १९५२ पासूनच तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सगळा देश ती ऐकायला लागला. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. केसकरांच्या काळात शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर भक्कम जागा मिळाली हेही तितकंच खरं आहे, कित्येक कलाकार त्यामुळे जगले. पण करोडो लोकांना जे आवडतं ते त्यांच्या भल्यासाठी बंद करावं असं एका खोलीत बसलेल्या माणसांना वाटू शकलं, हे मला फार बोलकं वाटतं. हार्मोनियमचंही तसंच, १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर तिला बंदी होती, परकी आहे, तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही म्हणून. तोवर इकडे गावोगावच्या भजनी मंडळांत आणि फडात पेटी रोज वाजतच होती.

मग कॅसेट आली, आणि माझ्या मते आपल्या पिढीतला सगळ्यात मोठा बदल कॅसेटने केला. त्याआधी रेकॉर्ड काढायची म्हणजे मोठ्या कंपनीने तुम्हाला बोलवायला हवं, आणि ऐकायची म्हणजे घरात ग्रामोफोन हवा, दोन्हीकडे दारावर पहारेकरी. ऐंशीच्या दशकात टेप स्वस्त झाले, कॅसेट भरून विकणारे छोटे छोटे लोक निघाले, आणि कोळीगीतं, भीमगीतं, पालख्यांची गाणी, कव्वाल्या, सगळं रस्त्यावरच्या गाड्यावर मिळायला लागलं. लोककवी वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून जी गाणी लोकांच्या तोंडी बसवली होती तसली गाणी आता स्पीकरवर वाजायला लागली. प्रल्हाद शिंदेंचा आवाज बघा, आषाढीला विठ्ठलाची गाणी लागली की तो आवाज महाराष्ट्रातल्या सगळ्या थरांत, सगळ्या घरांत जातो. तोच आवाज चौदा एप्रिलला भीमगीत गातो तेव्हा मात्र बऱ्याच घरांच्या खिडक्या लागतात. एकच गळा, आवाजात तिळाएवढा फरक नाही. आता खिडकी लावणारा म्हणेल की मला आवाजाचा त्रास होतो, आणि त्याला खरंच तसं वाटतही असेल.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर मिरवणुकांचं बोलू. गणपतीत ढोल-ताशा पथक असलं की आपण म्हणतो संस्कृती, पारंपरिक वेश, शिस्त, आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्या वस्तीतल्या मंडळाचा डीजे असला की म्हणतो धांगडधिंगा. नियम बघाल तर २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि चाळीस-पन्नास ढोल एकत्र वाजले की ती कुठल्या कुठे ओलांडली जाते. मला स्वतःला डीजेचा दणका सहन होत नाही, छाती धडधडते, तो बंद व्हावा असंच वाटतं. पण मग मीटर दोघांसाठी एकच हवा. आपली चर्चा मीटरवर होत नाही, ती वाजवणारी पोरं कुठली यावर होते, पथकात बरीचशी कॉलेजातली, आयटीतली आणि डीजेपुढे हातगाडी, डिलिव्हरी, वेल्डिंगवाली.

सिनेमाचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर पुष्कळ लिहून झालंय. जुन्या थिएटरात स्टॉल, अप्पर स्टॉल, बाल्कनी असे दर असायचे, म्हणजे वर्ग तिथेही होताच, पण छप्पर एक आणि पडदा एक. पिटातल्या माणसाने शिट्टी मारली की बाल्कनीतल्या बाईंना ऐकू यायची. म्हणून सिनेमा बनवणाऱ्याला सगळ्यांना धरून ठेवावं लागायचं, गाणं पण हवं, मारामारी पण, रडणं पण. दादा कोंडके स्वतः गिरणी कामगाराच्या घरातले, १९७१ च्या "सोंगाड्या"पासून त्यांचे ओळीने सिनेमे चालले, नऊ रौप्यमहोत्सवांसाठी गिनीज बुकात नाव गेलं, तरी "दादांचे सिनेमे आमच्याकडे बघत नाहीत" असं सांगणारी घरं मी पाहिलीत. १९९७ ला दिल्लीत पहिलं मल्टिप्लेक्स आलं, मग ती आपल्याकडे आली, सरकारने करात सवलत दिली, आणि एकाच इमारतीतले वेगवेगळे दर जाऊन इमारतीच वेगळ्या झाल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे आणि त्यात मल्टिप्लेक्स आहे. जिथे साचे चालायचे तिथे पॉपकॉर्न मिळतो आणि साचेवाल्याचा नातू तिथे सिनेमा बघायला जाण्याआधी खिशाचा विचार करतो. मग सिनेमे कोणासाठी बनायला लागले हे वेगळं सांगायला नको. मधेच २०१६ ला "सैराट" आला आणि तालुक्यातालुक्यातलं पब्लिक ट्रॅक्टर भरून थिएटरला आलं, लोक पडद्यासमोर नाचले, तेव्हा कळलं की हा प्रेक्षक कुठे गेला नव्हता, त्याच्यासाठी कोणी बनवत नव्हतं.

हल्ली एक मुद्दा हमखास मांडला जातो, की आता हे सगळं संपलं, आता शिकलेले लोकही सगळं ऐकतात, शास्त्रीयही ऐकतात, रॅपही, लावणीही. हे खरं आहे आणि त्यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेत पीटरसन आणि कर्न या दोघांनी १९९६ साली दाखवलं की वरच्या थरातला माणूस आता नाक मुरडणारा राहिला नाहीये, तो सर्वभक्षी झालाय. पण माझं म्हणणं असं की सगळं खाऊ शकणं हीसुद्धा एक मिरासदारीच आहे. मोठ्या पगाराच्या माणसाने फोनवर लावणी लावली तर लोक म्हणतात काय व्हर्सटाइल आहे, मातीशी जोडलेला आहे. त्याच्याच गाडीच्या ड्रायव्हरने लावली तर तो फक्त ड्रायव्हर असतो, त्याची चॉइस "तसलीच" असणार हे धरून चाललेलं असतं. भाकरीचंही तेच झालं, १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं निघाली तेव्हा ते गरिबाचं अन्न होतं, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तीच ज्वारी-बाजरी "मिलेट" नावाने हॉटेलच्या मेन्यूत चढली. टिकटॉक होतं तेव्हा खेड्यापाड्यातली, वस्त्यांमधली पोरंपोरी त्यावर नाचायची, त्याला "क्रिंज" म्हणून हसणारे कमी नव्हते. जून २०२० ला ॲप बंद झालं, मग तसंच नाचणं चांगल्या फ्लॅटमधल्या चांगल्या लाइटमध्ये रील्सवर आलं आणि त्याला कंटेंट म्हणायला लागले.

याचा अर्थ सगळंच सारखं, चांगलं-वाईट काही नसतंच, असा काढू नका. मी तसं मानत नाही. ढोलकीवाल्यांमध्येसुद्धा कोण भारी आणि कोण नुसता बडवतो यावर फडात रात्ररात्र वाद होतात, लावणीची अदा कुठे संपते आणि नुसता चाळा कुठे सुरू होतो हे तिथल्या बायका तुम्हाला एका क्षणात सांगतील. म्हणजे पारख प्रत्येक थरात असते, दर्जाही असतो. अडचण अशी की एका थराच्या पारखीला "अभिरुची" म्हणतात, तिची पुस्तकं होतात, ती शाळेत शिकवतात, आणि दुसऱ्या थराच्या पारखीला "पब्लिकला काय, काहीही चालतं" असं म्हणून मोडीत काढतात. आजोबा साध्या टेपरेकॉर्डरवर ऐकायचे, पण गायक कुठे श्वास घेतोय, कोरस कुठे मागे पडला हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांना कोणी रसिक म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मागे एकदा पाडव्याच्या दिवसांत नारायणगावला गेलो होतो. तिथे दरवर्षी चैत्रातल्या जत्रांच्या आधी फडमालक राहुट्या टाकून बसतात, फडांच्या नावांचे बोर्ड लागलेले असतात, आणि गावोगावची जत्रा कमिटीची माणसं येऊन सुपारी देतात. कुठली तारीख, किती रक्कम, किती नाचणाऱ्या, सगळं समोरासमोर ठरतं. एका राहुटीत चारपाच गावकरी बसले होते, रकमेवर घासाघीस झाली, चहा झाला, आणि उठता उठता त्यातल्या एकाने विचारलं की वग-बिग ठीक आहे पण त्या सिनेमातल्या लावण्या आहेत ना, नाहीतर पोरं दगड मारतात. मालक म्हणाले आहेत की, सगळ्या बसवल्यात. ज्या सिनेमांनी ढोलकी, नऊवारी, घुंगरू, ठसका सगळं फडातून उचललं त्यांच्याच लावण्या आता फडाला बसवाव्या लागतात. राहुटीच्या मागे एक पोरगा मोबाइलवर तसलंच एक गाणं लावून ढोलकीवर त्याचा ठेका जुळवत होता, पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत होता, आणि शेजारी बसलेला पांढऱ्या मिशांचा म्हातारा त्याला म्हणाला, अरे हा ठेका आमचाच आहे, तो बंद कर, मी दाखवतो.